गाळ कोणी काढायचा?

जपानला जाऊन आलेला मराठी माणूस ओळखायला फारसा वेळ लागत नाही. परत आल्यावर पहिले आठ दिवस तो स्टँडवर उभा राहून नाक मुरडतो, पुढचे आठ दिवस घरातल्या मुलांना रांगेचे महत्त्व सांगतो, आणि त्यानंतर व्याख्यान देतो. व्याख्यान ठरलेले असते. "काय ती स्वच्छता! काय ती जुन्याची जपणूक! तीनशे वर्षांची घरे, पण काल बांधल्यासारखी! अहो, त्यांच्या रक्तातच आहे ते. आपल्याकडे हे होणे नाही." श्रोते माना डोलावतात, आभारप्रदर्शन होते, आणि सगळी मंडळी सभागृहाबाहेरचे तुंबलेले गटार ओलांडून आपापल्या घरी जातात.

या व्याख्यानाला माझा विरोध आहे. त्यातली स्तुती खोटी आहे म्हणून नव्हे. स्तुती बहुतेक खरीच आहे. माझे भांडण आहे ते 'रक्तात आहे' या दोन शब्दांशी. दिसायला ते कौतुकाचे आहेत, पण त्यांच्या आड आपला आळस सुखाने झोपलेला असतो. ज्याच्या रक्तात आहे तो करील. ज्याच्या रक्तात नाही त्याने उगीच हात कशाला मळवावेत? जपानी माणसाला देवत्व दिले की आपल्याला माणूसपणाच्या कामातून सुटी मिळते. असे एक जुने जपानी गाव मीही पाहून आलो. तिथे जे दिसले आणि घरी येऊन त्याविषयी जे वाचले, ते या दोन शब्दांच्या अगदी विरुद्ध साक्ष देते. ती साक्ष या दिवाळीत आपल्यापुढे मांडावी, एवढाच हेतू.

माझ्यासारखा बेताचे शिकलेला मास्तर जपानला गेला तो भाच्याच्या जिवावर. तो ओसाकाला नोकरी करतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याने मला बोलावून घेतले. क्योतोची देवळे पाहून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, देवळे सगळेच बघतात. उद्या तुम्हाला व्यापाऱ्यांचे गाव दाखवतो." दुसऱ्या दिवशी क्योतोहून गाडीने अर्ध्यापाऊण तासात आम्ही ओमी-हाचिमान नावाच्या गावी उतरलो. बिवा हे जपानातले सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या पूर्वेच्या अंगाला हे गाव आहे. स्टेशनाबाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. काँक्रीटच्या इमारती, दुकानांच्या पाट्या, बसथांबा. मी मनात म्हटले, यासाठी का एवढे तिकीट काढले?

बसने जुन्या भागात गेलो आणि माझे तोंड बंद झाले. सोंगट्यांच्या पटासारखे आखलेले सरळ रस्ते. दोन्ही बाजूंना काळपट लाकडाची बुटकी घरे, दर्शनी अंगाला बारीक पट्ट्यांच्या जाळ्या, वर राखी कौले. फळ्यांच्या कुंपणांवरून पाइन वृक्षांच्या फांद्या रस्त्याकडे अशा झुकलेल्या, की घरातल्या आजीने खिडकीतून डोकावून "कोण आलंय रे?" असे विचारावे. यातले निशिकावा घराण्याचे घर १७०६ साली बांधलेले आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची; म्हणजे हे घर त्याहूनही जुने! आणि या रस्त्यांच्या पलीकडे तो पाण्याचा खंदक, हाचिमान-बोरी. दगडी बांधाचे काठ, काठावर पांढऱ्या गिलाव्याची कोठारे, चेरीचा फुलोरा पाण्यावर आलेला, आणि त्याखालून डोक्यावर टोपली घालून नाव वल्हवणारा म्हातारा नावाडी. भाचा फोटो काढीत होता. मी तसाच काठावर बसून राहिलो आणि माझ्याही मनात तेच दोन शब्द आले. खोटे कशाला बोलू? 'रक्तातच आहे!'

मग भाच्याने काठावरची पाटी वाचून दाखवली आणि माझी गाडी रुळावरून घसरली. पण ती हकीकत सांगण्याआधी हे गाव वसले कसे ते सांगितले पाहिजे.

१५८५ साली तोयोतोमी हिदेत्सुगु नावाच्या अठरा वर्षांच्या सरदाराने इथल्या डोंगरावर किल्ला बांधला. त्याचा मामा हिदेयोशी हा त्या काळी जपानचा सर्वसत्ताधीश. भाच्याने डोंगराच्या पायथ्याशी खंदक खणला, तो बिवा सरोवराला जोडला आणि सरोवरातून जाणाऱ्या नावांनी आधी आपल्या गावी थांबलेच पाहिजे असा नियम केला. शेजारच्या आझुची गावचे व्यापारी-कारागीर आणून वसवले आणि बाजार सर्वांना खुला केला. कोणा एका मंडळीची मक्तेदारी ठेवली नाही. पुढे त्या मामाला स्वतःचा मुलगा झाला आणि भाचा डोळ्यांत सलू लागला. १५९५ साली हिदेत्सुगुला पोट फाडून मरण्याची आज्ञा झाली. कंसमामा आपल्याच पुराणात आहे असे समजण्याचे कारण नाही. किल्ला पाडला गेला. तो दहा वर्षे टिकला; खाली वसवलेली पेठ चारशे वर्षांहून अधिक टिकली आहे.

गडकोटांवर जीव टाकणाऱ्या आपण मराठी वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. धनी गेला, आश्रय गेला, पण पेठेतल्या माणसांनी खांद्यावर कावड घेतली. होय, आपल्याकडे असते तशीच कावड! तिच्या दोन टोकांना माल बांधून हे ओमीचे व्यापारी देशभर हिंडले. मच्छरदाण्या, तातामीवर घालायच्या विणलेल्या चटया, कापड, असा त्यांचा माल. निशिकावांनी १६१५ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, निहोनबाशी या पुलाजवळ दुकान थाटले. त्यांची हिरवी, तांबड्या किनारीची मच्छरदाणी पुढे घरोघर गेली. दुकाने परगावी, पण मूळ घर गावात. नोकरीला पोरे न्यायची तीही गावाकडची. मुंबईच्या गिरणीत राबून कोकणात मनिऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्यांच्या नातवंडांना ही रीत समजावून सांगायला नको.

त्यांच्या नावावर आज 'तिघांचे भले' असे एक वचन सांगतात. विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि समाजाचे. हे नेमके शब्द त्या जुन्या व्यापाऱ्यांचे नव्हेत, ते मागाहून अभ्यासकांनी घडवले. पण ओमीतल्याच एका व्यापाऱ्याने १७५४ साली आपल्या वारसासाठी लिहून ठेवलेल्या उपदेशात त्याचे बीज आहे: परमुलखात धंदा करताना तिथल्या लोकांचे हित आधी पाहा, आपल्याच नफ्याचा लोभ धरू नका. आणि हे नुसते कागदावर राहिले नाही. खंदकाजवळ पाश्चात्त्य धाटणीची एक पांढरी लाकडी इमारत आहे. ती १८७७ साली शाळा म्हणून बांधली गेली आणि तिचा बहुतेक खर्च गावकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून झाला. माझ्यातला मास्तर त्या इमारतीपुढे जरा जास्तच वेळ रेंगाळला, हे कबूल करतो.

आता त्या पाटीकडे वळू. ज्या खंदकाने हे सारे वैभव आणले, त्याचे दुसऱ्या महायुद्धानंतर काय झाले? माल रेल्वेने आणि ट्रकने जाऊ लागला. नावा थांबल्या. पाणी हलेनासे झाले. घराघरांतले सांडपाणी त्यात सोडले गेले, केरकचरा टाकला गेला. तळाशी गाळ साचला, वर गवत माजले, दुर्गंधी सुटली, माशा आणि डास झाले. दैवाची थट्टा पाहा! ज्या गावाने जपानभर मच्छरदाण्या विकल्या, त्या गावाच्या मध्यभागी डासांची पैदास होऊ लागली. आणि हा कचरा टाकणारे कोण? तेच, रक्तात स्वच्छता असलेले जपानी लोक. दुसरे कोणी बाहेरून आले नव्हते.

काठावरचे रहिवासी वैतागले आणि १९७२ च्या सुमारास त्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले, की या घाणीचा एकदा बंदोबस्त करा. त्यात त्यांचे काय चुकले? ज्याच्या खिडकीखाली घाण आहे त्याला इतिहास सांगणे सोपे असते, वास घ्यावा लागतो तो त्याला. सरकारने योजना आखली: खंदक बुजवायचा आणि त्या जागी मोटारी उभ्या करायला तळ व बाग करायची. पैसे मंजूर झाले. काम सुरू होण्याच्या बेतात आले. सर्व कसे रीतसर, लोकांच्या मागणीवरून!

त्या वेळी गावातले काही तरुण पुढे आले. आपल्याकडे ज्यांना 'जेसीज' म्हणतात त्याच जातीचे तरुण व्यापाऱ्यांचे मंडळ. त्यांनी एक वाक्य धरले: खंदक बुजवला की त्या क्षणापासून पश्चात्ताप सुरू होतो. ते सह्या गोळा करीत, घरोघर बोलत फिरले. पण बुजवणे नको म्हणणाऱ्याला लोक विचारणारच, की मग वासाचे काय? या प्रश्नाला भाषण हे उत्तर होत नाही. १९७५ साली हे तरुण स्वतः त्या खंदकात उतरले. सुटीच्या दिवशी, आठवड्यामागून आठवडा, गवत कापायचे, केर काढायचा, गाळ उपसायचा. आरंभी मोजके लोक होते, मग हळूहळू बघ्यांतलेही काही खाली उतरू लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये शिगा प्रांताच्या सरकारने चालू होऊ घातलेले काम थांबवले आणि त्यासाठी मिळालेले पैसे मध्यवर्ती सरकारला परत केले. पुढे बुजवण्याऐवजी गाळ काढण्याचे आणि काठ दुरुस्तीचे काम झाले. सरकारने मंजूर झालेला पैसा परत केला, हे वाक्य भाच्याकडून मी दोनदा वाचून घेतले.

ज्या चित्रासारख्या काठावर मी बसलो होतो, तो काठ अशा रीतीने वाचलेला आहे. जपणुकीचे वारे त्या गावावरून आपोआप वाहिले नाही. कोणीतरी चिखलात उतरले होते.

कोणी म्हणेल, बाकीचा जपान तरी जपतो ना? तेही तपासून पाहू. वर ज्या निहोनबाशी पुलाचा उल्लेख आला, जिथे हाचिमानच्या व्यापाऱ्यांची दुकाने होती, त्याच पुलाच्या डोक्यावरून जपान्यांनी १९६३ साली मोटारींचा उड्डाणमार्ग नेला. का, तर पुढच्या वर्षी ऑलिंपिक होते. आकाश झाकले गेले, पाणी काळोखात गेले. आता तोच रस्ता जमिनीखाली नेण्याचे काम २०२० पासून सुरू आहे आणि वरचा मार्ग उतरवायला २०४० उजाडेल असा अंदाज आहे. एका ऑलिंपिकच्या घाईचा पश्चात्ताप पाऊणशे वर्षे! आणि क्योतो? प्रत्यक्ष क्योतोत २०१६ च्या पाहणीत जुनी लाकडी घरे सुमारे ४०,००० उरली होती आणि दर वर्षी ८०० च्या आसपास नाहीशी होत होती. दिवसाला दोन. मुंबई-पुण्याचा कोणता बिल्डर याहून वेगळे वागला असता? पाडण्याची हौस त्यांच्या रक्तात आहे आणि आपल्याही. तेव्हा रक्ताची गोष्ट सोडा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळणे लबाडीचे होईल. तुम्ही दोन तास येऊन फोटो काढणार. त्या घरात राहणाऱ्याने थंडीत कुडकुडायचे, गळके छप्पर सोसायचे आणि आपल्या घराला खिळा ठोकायलाही परवानगी मागायची? जुन्याचे प्रेम हा पाहुण्याचा छंद आणि रहिवाशाचा तुरुंग आहे, असे म्हणणारे लोक मूर्ख नाहीत. वाड्यात राहून ज्यांनी पावसाळ्यात जागोजागी पातेली मांडली आहेत ते हे म्हणणारच.

जपानने त्यावर काय तोड काढली ते पाहा. १९७५ साली त्यांनी आपल्या पुराणवास्तूंच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि एकेका वास्तूबरोबर सबंध वस्ती, सबंध रस्ता राखण्याची सोय केली. वस्ती ठरवायची ती आधी त्या गावाने. दिल्लीहून, म्हणजे तोक्योहून, हुकूम सुटत नाही. गावाने ठरवले आणि केंद्राने निवड केली, की घराच्या बाहेरच्या रूपात बदल करायला परवानगी लागते, पण आत राहणाऱ्याने आपल्या सोयीचे स्वयंपाकघर, न्हाणीघर करावे. आणि दर्शनी भागाची दुरुस्ती जुन्या रीतीने करायची म्हणून जो जादा खर्च येतो त्याला सरकारी मदत मिळते. १९७६ साली अशा सात वस्त्या निवडल्या गेल्या. आज त्या सव्वाशेच्या वर आहेत. हाचिमानची सुमारे १३ हेक्टरांची पेठ १९९१ साली त्यात आली. ध्यानात घ्या, तरुण चिखलात उतरले १९७५ साली आणि सरकारी मान मिळाला सोळा वर्षांनी. आधी गाव, मग सरकार, असा तो क्रम आहे. आपल्याकडे आपण सोळा वर्षे सरकारची वाट पाहतो आणि तोवर वाडा पडतो.

याचा अर्थ हाचिमानात सगळे आलबेल आहे असा नव्हे. त्या सुंदर गल्ल्यांतून फिरताना मला शाळेतून सुटलेल्या पोरांचा गलका फारसा ऐकू आला नाही. कित्येक दारे बंद होती. २०२३ च्या पाहणीत सबंध जपानात ९० लाख घरे रिकामी भरली. घर राखले म्हणून त्यात माणूस राहतोच असे नाही. ही पुढची लढाई आहे आणि ती त्यांनी जिंकलेली नाही. पण त्या तरुणांच्या मनात ती होतीच. गाव कसे असावे, तर जिथे अखेरचा श्वास घ्यावासा वाटेल असे, ही त्यांची कल्पना होती. पाहुण्यांनी येऊन फोटो काढावेत एवढ्यासाठी कोणी गाळ उपसत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या गावाचे नाव सांगत नाही. तुमच्या गावाचे घाला, चालेल. शाळेमागून एक ओढा वाहत असे. माझ्या लहानपणी त्यात मासे होते, काठावर बायका धुणी धूत, गौरी-गणपती त्यातच जात. पुढे त्यात गटारे सोडली गेली, कचरा पडू लागला, आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवणे अशक्य झाले. मुले आजारी पडू लागली. सुमारे बारा वर्षांपूर्वी पालकांची सभा भरली आणि ओढा बंदिस्त करावा असे ठरले. अर्ज कोणी लिहायचा? अर्थात मास्तरांनी. मास्तर कादंबऱ्या लिहितात, त्यांची भाषा चांगली! मी अर्ज लिहिला. "सदर ओढा विद्यार्थ्यांच्या आरोग्यास अपायकारक असून" अशी त्याची सुरुवात होती, आणि त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. अर्ज मंजूर झाला. ओढ्यात नळ टाकले, वर स्लॅब पडली, स्लॅबवर मोटारी उभ्या राहू लागल्या. माझा सत्कारही झाला.

दुसऱ्याच पावसाळ्यात मोठी सर आली तेव्हा पाण्याने आपली जुनी वाट शोधली. वाट नव्हती. ते शाळेत शिरले. चौथीच्या वर्गात गुडघाभर पाणी, बाकांवर उभी राहिलेली पोरे, आणि मी एकेकाला कडेवर घेऊन बाहेर काढतो आहे, हे दृश्य मी विसरू शकत नाही. आता दर पावसाळ्यात आम्ही वह्यांची कपाटे विटांवर उचलून ठेवतो. गणपती लोखंडी टाकीत बुडवतो. आणि परवा वर्गात मी त्या ओढ्याचे नाव विचारले, तेव्हा एकाही मुलाला ते सांगता आले नाही.

हाचिमानच्या काठावर ती पाटी ऐकताना माझी मान का खाली गेली, ते आता कळले असेल. तिथल्या रहिवाशांचे गाऱ्हाणे आणि माझा अर्ज यांत काडीचाही फरक नव्हता. तीच दुर्गंधी, तेच डास, तीच रीतसर मागणी, तोच मोटारतळ. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. तिथे फावडी घेऊन काही माणसे खाली उतरली. इथे कोणी उतरले नाही. मी, ज्याने अर्जासाठी दोन रात्री जागवल्या, एक रविवारही त्या ओढ्यात उतरलो नाही. ते माझ्या रक्तात नव्हते म्हणून नव्हे. चिखलात पाय घालायची मला लाज वाटली. मास्तर आणि गटारात? लोक काय म्हणतील?

आमचा ओढा आता स्लॅबखाली आहे. पण या अंकाच्या हजारो वाचकांच्या गावात अजून उघडे असलेले किती ओढे, किती आड, किती बारवा, किती घाट उरले असतील! त्यांच्याविरुद्धचे अर्जही कुठेतरी लिहिले जात असतील, आणि ते लिहिणारे माझ्यासारखेच सज्जन असतील.

वाचकहो, दिवाळीपूर्वी आपण घरे झाडली. माळे उतरवले, भांडी घासली, कोळिष्टके काढली. ती सगळी अडगळ टोपलीत भरून आपण कुठे नेऊन ओतली, हे प्रत्येकाने एकदा आठवून पाहावे. मी कोणाला उपदेश करीत नाही. माझी टोपलीही वर्षानुवर्षे त्याच ओढ्यात रिकामी झालेली आहे. फक्त एवढीच विनंती, की भाऊबीजेनंतरच्या एखाद्या रविवारी फराळ झाल्यावर पोराबाळांना घेऊन, घमेले आणि फावडे घेऊन, आपल्या गावाच्या पाण्यापाशी जावे आणि दोन तास काम करावे. पोरे हसतील, शेजारी टोमणे मारतील, पहिल्या दिवशी काहीच फरक दिसणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जावे.

आणि यानंतर कोणी जपानहून परतून 'त्यांच्या रक्तातच आहे' असे म्हणू लागला, तर त्याला चहा पाजावा आणि नम्रपणे विचारावे: ते असो, पण आपल्या ओढ्यातला गाळ काढायला तुम्ही रविवारी किती वाजता येता?